याच्या पुढं काही नाही

आमचे सर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला कधी पाठ दाखवत नसत. त्याच्यासमोरून उठले, की दर्ग्यातून बाहेर येतात तसे उलट्या पावली दाराकडं यायचे आणि वाटेत हमखास कुणाच्या तरी बॅगेला अडखळायचे. माझ्या पहिल्या दिवशी माझ्याच बॅगेला अडखळले. मी आपली तोंडाळ, बोलून गेले, "सर, सरळ चाला की." सगळ्या क्लासच्या माना माझ्याकडं वळल्या. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नवीन हाय व्हय? बस." एवढंच.

क्लास औरंगपुऱ्यात होता, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर. जिना असला अरुंद, की वरून कुणी उतरत असलं तर खालच्यानं परत रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. मी पाचोडजवळची. आमच्या घरी मेंढरं. दुष्काळात वडील मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब निघून गेले आणि मला शहरात मामाकडं आणून टाकलं. वेबसाइटी बनवायला शिक, नोकरी लागंल, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. औरंगाबाद तेव्हा चारी बाजूंनी फुगत होतं. बायपासच्या पलीकडं काल ज्वारी बघितली, तर आज तिथं फ्लॅटची पाटी. नळ मात्र आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. अशा शहरात आम्ही दहा-बारा पोरंपोरी त्या माडीवर बसून कोड लिहायला शिकत होतो.

कोड ज्यात लिहायचा त्याला एडिटर म्हणतात. तो कोणता घ्यायचा, यावर नव्या पोरांची जी भांडणं होतात ती लग्नातल्या मानपानापेक्षा बेकार. मला मामाच्या मुलानं आधीच पढवून ठेवलं होतं, की अमुक एडिटर घे, रंगीत आहे, आपण अर्धा शब्द लिहिला की उरलेला तो लिहितो. मी तसं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आमचा बाप मेंढरू घेताना आधी त्याचा जबडा उघडायचा. दात बघायचा. लोकर नंतर. तू तर मेंढराच्याच घरची ना? आन् लोकरीवर भाळती व्हय?"

मला राग आला. "मग एडिटरचे दात कोणते, सर?"

"मागं जाता येतंय का, म्हंजे लिहिलेलं एकेक करून रद्द करता येतंय का, हा एक दात. मागं गेल्यावर हात चुकला तर पुढचं जित्तं राहतंय का, हा दुसरा. बास."

मग परीक्षा. प्रत्येकानं आपापल्या आवडत्या एडिटरात एक पान लिहायचं. आम्ही माना खाली घालून लिहीत असताना सर गुपचूप उठून मेन स्विच पाडायचे. अंधार. बोंबाबोंब. लाइट आली की ज्याचं लिहिलेलं शिल्लक तो पास. त्यानंतर दुसरा पेपर. "मागं जा. आणखी मागं. हितं थांब. आता एक अक्षर टाक, कुठलंबी. टाकलं? आता पुढचं सगळं परत आण." आणि ते यायचंच नाही. मागं जाऊन एक अक्षर टाकलं, की त्याच्या पुढं लिहिलेलं सगळं त्या रंगीत एडिटरांतून नाहीसं व्हायचं. माझ्या शेजारी बसणारी शहरातली पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "हौ सर, गया पूरा."

"गेलं ना?" सर म्हणायचे. "आता रड." आणि हे ते हसून म्हणायचे नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल त्यांचं म्हणणं असं, की ते घर आणि एडिटर ही त्यातली चूल. "आधी घर बघा. ज्या घराचा मालक तुम्हाला न विचारता मधीच दार लावून घेतोय, आन् म्हणतोय थांबा, आत डागडुजी चालू हाय, त्या घरात चूल मांडायची नाय." म्हणून क्लासातल्या सगळ्या मशिनींवर लिनक्स नावाची सिस्टिम आणि तिच्यावर एक जुना एडिटर. ना रंग, ना माउस, नुसता काळा पडदा. आम्ही त्याला काळा फळा म्हणायचो. बाकी एडिटरांत पुढचं जिथं मरायचं, तिथं ह्याच्यात झाडासारखी फांदी फुटायची. नवीन लिहिलेलं एका फांदीवर, जुनं दुसऱ्या फांदीवर, दोन्ही जिवंत. आणि मशीन बंद करून दुसऱ्या दिवशी चालू केली तरी तो मागचा रस्ता तसाच राहायचा, सरांनी तशी सोयच करून ठेवली होती. हे सगळं खरं, पण वापरायला महाकठीण. त्याच्यात शिरल्यावर बाहेर कसं पडायचं हेच मला बरेच दिवस कळेना. मी चिडून विचारलं, "सर, ह्याच्यातून निघायचं कसं?" तर म्हणाले, "निघायची घाई कशाला?"

आता ते कोपऱ्यातलं सांगते.

रोज संध्याकाळी पाच वाजता सर शिकवणं अर्ध्यावर सोडून त्या कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसायचे. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर कुणी दप्तरसुद्धा ठेवायचं नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ यायची. मग बराच वेळ काही नाही. मग दोन ओळी लागोपाठ. मग एक खोडली जायची. सरांचा डावा हात मांडीवर, उजव्या हाताचं एकच बोट एका बटणावर, आणि डोळे पडद्यावर. सुरुवातीला मला वाटलं, हे काम करतायत. एकदा फी भरायला मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. पडद्यावर ओळ येऊन थांबली होती. सर हळूच म्हणाले, "आता पाणी प्यायला उठली."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "आली." बटण दाबलं. पुढची ओळ आली.

मी फी न भरताच जागेवर येऊन बसले. शेजारची पोरगी कानाशी येऊन म्हणाली, "उन की बेटी है वो. मतलब, थी." सरांची एकुलती एक मुलगी. इंजिनिअरिंगला होती, वडिलांकडूनच शिकलेली. मी क्लासला यायच्या थोडंच आधी, उन्हाळ्यात, घरोघरी ड्रम भरून ठेवलेले, त्या पाण्यात डास झाले, आणि डेंग्यूनं चार-सहा दिवसांत गेली. जायच्या आधी ती ह्याच मशीनवर एक वेबसाइट करत होती. कुठल्या वस्तीत नळ कधी येणार ते सांगणारी. आईला रोज शेजारणींना विचारत बसायला लागू नये म्हणून. अर्धीच राहिली.

काळ्या फळ्यानं तिची ओळन् ओळ धरून ठेवली होती. तिनं काय लिहिलं, काय खोडलं, किती वाजता. सर रोज पार मागं जायचे, जिथं पडदा कोरा होता तिथपर्यंत, आणि एकेक बटण दाबत पुढं यायचे. मधी किती थांबायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. शेवटची ओळ आली, की आणखी एकदा बटण दाबायचे. मग पडद्याच्या तळाला इंग्रजीत एक बारीक ओळ उमटायची. तिचा अर्थ, याच्या पुढं काही नाही. ती वाचून सर उठायचे आणि उलट्या पावली दाराकडं यायचे.

एकदा तर भर पाचला खिडकीतून कबूतर आत घुसलं आणि सरांच्या कीबोर्डवरच फडफडलं. पडद्यावर अगडमबगड अक्षरं. सरांचा चेहरा पांढराफटक. मग हळूहळू फांद्या शोधत गेले आणि तिच्या ओळी जशाच्या तशा सापडल्या. रुमालानं तोंड पुसून आमच्याकडं वळले आणि म्हणाले, "म्हणून सांगतोय. दात बघा." त्या दिवसापासून मी मामाच्या मुलाशी वाद घालणं सोडलं आणि निमूट काळा फळा शिकले.

हे सगळं चाललं असतं. माणूस दुःखानं थोडं वेडंवाकडं वागतो, त्यात काय. पण सर जेवत नव्हते. रोज दुपारी काकू, म्हणजे सरांची बायको, जिना चढून डबा आणायच्या. ज्वारीची भाकरी, पिठलं, कधी मेथी. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत न्यायच्या. सरांच्या पोटात नुसता चहा. आम्ही आलो तेव्हा सर बरे अंगापिंडाचे होते, दिवाळीपर्यंत शर्टाच्या आत माणूस आहे का हँगर, असं झालं. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसले. आम्ही पाणी मारलं, लिंबू-साखर दिली. काकूंनी डबा परत पिशवीत घातला. घरी मुलगी ताट वाढायची आणि विचारायची, मग सर जेवायचे, अशी त्यांच्या घरची रीत होती. विचारणारी गेली. आता हा माणूस उपाशी मरणार, हे आम्हा पोरांनासुद्धा दिसत होतं, आणि काकूंना तर रोज डबा उघडला की दिसत होतं.

काकू दुपारी डबा देऊन लगेच निघायच्या नाहीत. माझ्या शेजारी बसायच्या. "पोरी, तू पाचोडकडची ना? माझं माहेर तिकडंच." अशा गप्पा. मग एक दिवस म्हणाल्या, "मला बी शिकीव की हे. बसून बसून कंटाळा येतो." मला हसू आलं. मी त्यांना काळा फळा उघडून दिला. एक ओळ कशी लिहायची, कशी खोडायची, जपून कशी ठेवायची, बाहेर कसं पडायचं, हे दाखवलं. बोटं जड होती त्यांची, एकेक अक्षर शोधून दाबायच्या, पण चिकाटी दांडगी. मला वाटलं, बिचाऱ्या मन रमवतायत.

पुढं काही दिवसांनी पाचची वेळ. सर बसले, मागं गेले, पुढं आले. शेवटची ओळ आली. नेहमीसारखं आणखी एकदा बटण दाबलं. खाली ती बारीक इंग्रजी ओळ आली नाही. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी आलं.

बाबा जेवलात का

सर खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांचं बोट बटणावरच राहिलं. आम्ही सगळे उभे. रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते तेवढंच ऐकू येत होतं. सर एकदम लहान आवाजात म्हणाले, "नाय गं." आणि मग मागं न बघता हात लांब करून म्हणाले, "डबा द्या कुणीतरी."

कोपऱ्यात, त्या मशीनसमोर बसून, त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ते भाकरीवर पडत होतं, तरी खात होते. शेजारची पोरगी माझ्या हाताला नखं रुतवून बसली होती. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. भूत वगैरे मी मानत नाही, आमच्यात लहानपणापासून रानात झोपायची सवय. पण त्या वेळी वाटली.

जिन्यात काकू उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला ओढलं. "खाल्लं का?"

"खाल्लं, काकू. अख्खी भाकरी."

तोंडाला पदर लावून त्या पायरीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "मीच लिहिलं. तुम्ही सगळे दुपारच्या सुट्टीत बाहेर, आन् ते लघवीला खाली गेले तवा. तुझ्याकडून शिकले ते एवढ्याचसाठी. माझ्या इचारण्यानं जेवत नव्हते गं. तिनं इचारलं की जेवत्यात." माझा हात दाबून म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. माणूस जगला पायजे. कुणाच्या नावानं का व्हईना."

मी कुणाला सांगितलं नाही. त्यात खोटं काय होतं? भुकेल्या माणसाला जेवलात का विचारणं हे कधीपासून पाप झालं?

सर माणसात आले. काकू कालची ओळ खोडून रोज नवी लिहायच्या, ती पाचला यायची, रोज डबा रिकामा व्हायचा. अंगावर मांस धरलं. शिकवताना पुन्हा चेष्टा करायला लागले. कुणी रंगीत एडिटरची तारीफ केली, की म्हणायचे, "लोकर छान हाय, लोकर छान हाय. दात दाखीव." काकू मला बघून नुसत्या डोळ्यांनी हसायच्या. आमची दोघींची ती चोरी होती.

मग एका बुधवारी सर मला म्हणाले, "काल तिनं दोनदा इचारलं. मी उशीर केला ना जेवायला, म्हणून." चेहरा इतका समाधानी, की मी बरं म्हटलं. दुपारी काकू आल्यावर मी त्यांना चिडवलं, "काय काकू, आता दोन-दोनदा? पकडल्या जाल."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "काल मी कुठं आले होते? काल आमच्यात नळ आला होता. दिवसभर पाणी भरलं मी. डबा शेजारच्या पोराबरोबर पाठवला."

मला आठवलं, खरंच, काल डबा एक पोरगा देऊन गेला होता. माझ्या मनात आलं, सरच लिहीत असतील. मी तसं म्हटलं. काकू म्हणाल्या, "आसंल." पण कोपऱ्याकडं बघून त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. त्या दिवशी काकूसुद्धा उलट्या पावली जिन्यापर्यंत गेल्या.

त्यानंतर कुणी कधी लिहिलं आणि कुणी नाही, याचा हिशोब आम्ही दोघींनी सोडून दिला. सर जेवत होते. बास होतं.

मला नोकरी लागली. इथल्या वाळूजच्या एमआयडीसीत नाही, पुण्यालाच. कंपनीनं रंगीत एडिटर दिला. मी काळ्या फळ्याचा हट्ट धरला, तेव्हा बाकीचे हसले आणि मला आजीबाई म्हणायला लागले. म्हणू देत. निरोप घ्यायला गेले तेव्हा सर म्हणाले, "घर बदललं तरी चूल बदलू नको." काकूंनी शेंगदाण्याची चटणी दिली. जिन्यात मी त्यांच्या कानात म्हटलं, "काकू, ओळ चुकवू नका." त्या म्हणाल्या, "आता तिची मला काळजी नाय." तिची म्हणजे ओळीची का पोरीची, ते मी विचारलं नाही.

मधे बरीच वर्षं गेली. क्लास बंद झाला, त्या माडीवर आता मोबाइलचं दुकान आहे. शहराचं नाव बदललं. सर रिटायर झाल्यासारखे घरीच असायचे, ती कोपऱ्यातली मशीन त्यांनी घरी नेली होती. एक दिवस क्लासातल्या त्या शेजारच्या पोरीचा फोन आला. काकू गेल्या. झोपेतच. मी ऐकलं आणि काकूंसाठी रडायच्या आधी माझ्या डोक्यात एकच आलं. आता सरांना जेवायला कोण सांगणार? त्या माणसाला काकूंनी एका ओळीवर जगवलं होतं. ती लिहिणारी गेली. हे आता तीन-चार महिन्यांत संपतील, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. मी रजा टाकून दहावा झाल्यावर सरांच्या घरी पोचले. पिशवीत भाकरी, पिठलं घेतलं होतं. मनाशी ठरवून गेले होते, सर आतल्या खोलीत गेले की मीच ओळ लिहायची. बोटांना सवय होतीच.

दुपारचे दीड-दोन वाजले असतील. दार उघडंच होतं. घरात दुसरं कुणी नाही. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी दबकत आत गेले. सर ओट्याशी उभे राहून भाकरी करत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं माखलेले. भाकरी कसली, महाराष्ट्राचा नकाशा. मला बघून म्हणाले, "आलीस? हात-पाय धू."

"सर, तुम्ही कशाला? मी आणलंय."

"असू दे. जेवायला लागतंय ना, तर करायला बी लागतंय." ताट घेतलं, भाकरी त्यात टाकली, पिठाच्या हातांनीच ते बाहेरच्या खोलीत घेऊन आले. कोपऱ्यात ती जुनी मशीन चालू होती. समोर आता दोन रिकाम्या खुर्च्या. सर जमिनीवर बसले, पाठ भिंतीला, तोंड पडद्याकडं.

मी पडद्याकडं बघितलं. मुलीच्या कोडखाली काळ्यावर पांढऱ्या दोन नव्या ओळी होत्या. वर, बाबा जेवलात का. त्याच्याखाली, अहो जेवून घ्या.

मी कीबोर्डकडं वाकून बघितलं. वाटलं, सरांनीच लिहिलंय, दुसरं कोण लिहिणार. पण बटणांवर पिठाचा एक कण नव्हता, आणि वर धूळ इतकी, की बोट लागलं असतं तर ठसा दिसला असता.

"सर," मी कसंबसं म्हटलं, "हे कधी..."

"आत्ताच. तवा तापत होता तवा. आता बटण बी दाबावं लागत नाय." त्यांनी ताट माझ्याकडं थोडं सरकवलं आणि पहिला घास मोडला. "आज दोघींनी इचारलं."